साथीतला भरवसा

बेंगळुरूच्या उत्तरेला, विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रोड आणि शहराला वळसा घालणारा आउटर रिंग रोड जिथे एकमेकांना भेटतात, तिथे हेब्बाळचा उड्डाणपूल आहे. पुलाच्या पूर्वेला मान्यता टेक पार्कच्या काचेच्या इमारती. शहराच्या बाजूला बॅप्टिस्ट हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय. विमानतळाच्या बाजूला थोडं पुढे गेलं की कृषी विद्यापीठाचं जीकेव्हीके आवार आणि त्याच आवारात नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस ही संशोधनसंस्था. मध्ये तळं, तळ्याच्या आसपास उंच सोसायट्या, त्यांच्या आड जुनी गावठाणं आणि नव्या इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडी. २०२० आणि २०२१ साली एकच विषाणू या सगळ्यांवरून फिरला. साथीच्या काळात शरीर आणि मन कशानं टिकतं, या प्रश्नाचा आढावा घ्यायला हा परिसर सोयीचा आहे, कारण इथे उत्तराची सगळी टोकं दोन-चार मैलांत सापडतात. त्या काळात या प्रश्नाचं एक ठरावीक उत्तर घरोघरी पोहोचलं होतं: व्यायाम करा, सकस खा, पुरेशी झोप घ्या, बातम्या कमी पाहा, आप्तेष्टांशी बोला, सकारात्मक राहा. शेवटची सूचना सोडली तर यात चुकीचं फारसं काही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या सवयी ज्या जमिनीवर उभ्या राहतात ती जमीन म्हणजे भरवसा: उद्याची मजुरी मिळेल, घरात धान्य असेल, दम लागला तर कुठे जायचं हे माहीत आहे, आणि आजारी पडलो तर शेजारी वाळीत टाकणार नाहीत. हा भरवसा जिथे होता तिथे सवयी कामी आल्या. जिथे नव्हता तिथे त्याच सूचना क्रूर वाटाव्यात इतक्या पोकळ ठरल्या.

मन आणि शरीर यांचा संबंध हा काही कीर्तनातला दृष्टांत नाही, तो प्रयोगशाळेत मोजलेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून कोण आजारी पडतं हे पाहिलं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात ३९४ जण होते. ज्यांच्या मनावर ताण जास्त, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाणही चढत्या क्रमानं जास्त निघालं. २००९ च्या अभ्यासात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो १९९८ चा निष्कर्ष. कुठला ताण शरीराला पोखरतो, असा प्रश्न तिथे विचारला होता. चार दिवसांची धावपळ किंवा एखादं भांडण यांनी विशेष फरक पडत नव्हता. महिना-महिना चालणारा ताण, त्यातही काम नसणं किंवा अपुरं असणं आणि जवळच्या माणसांशी सतत बिनसलेलं असणं, यांनी धोका वाढत होता. टाळेबंदीत लाखो घरांत नेमक्या याच दोन गोष्टी एकदम आल्या. सर्दीचे विषाणू आणि कोविडचा विषाणू एक नव्हेत, हे मान्य. पण व्यायामाचा पुरावा थेट कोविडचाच आहे. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोविड रुग्णांच्या २०२१ मधल्या अभ्यासात, आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल करणाऱ्यांच्या तुलनेत सतत बैठं आयुष्य काढणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती आणि मृत्यूची जवळपास अडीचपट. मुळात आजारी माणूस कमी चालतो, म्हणून या आकड्यातला सगळा वाटा चालण्याला देता येणार नाही. तरी वय आणि जुने आजार हिशेबात धरूनही फरक उरतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

याच्या उलट, ज्या गोष्टींचा सर्वाधिक गाजावाजा झाला त्यांचा पुरावा सर्वांत तुटपुंजा निघाला. जस्त आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची २१४ रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. मोठ्या मात्रेनंही लक्षणं लवकर गेली नाहीत. काढ्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आल्याच्या वासाचा एक गरम पेला हातात धरून घरातल्या माणसांनी चार शब्द बोलावेत, यात तोटा काही नाही. तोटा होतो तो पुढच्या पायरीवर, जेव्हा ‘प्रतिकारशक्ती’ नावाची वस्तू दुकानात मिळते असा समज होतो आणि डॉक्टर मिळण्याची खात्री नसल्यानं माणूस व्हॉट्सअॅपवर आलेली औषधांची यादी घेऊन दुकान गाठतो. दुसऱ्या लाटेनंतर देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त किंवा गरज नसताना घेतलेली स्टिरॉइड्स ही त्यामागची प्रमुख कारणं. त्याला लोकांचं अज्ञान म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण विचारायला कोणी नसलं की माणूस जे हाताला लागेल ते घेतो, आणि हे शिकलेल्यांच्या घरांतही घडलं.

आता जागेचा प्रश्न. सहा फुटांचं अंतर पाळा, ही सूचना ज्याच्या घरात सहा फूट मोकळे आहेत त्याच्यासाठी होती. जुलै २०२० मध्ये मुंबईत झालेल्या रक्ततपासणीच्या सर्वेक्षणात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. त्याच वॉर्डांतल्या इतर वस्त्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. पालिका तीच, नियम तेच, फरक भिंतींचा. हेब्बाळमध्येही सोसायटीतल्या माणसाला स्वतंत्र खोलीत चौदा दिवस काढता आले, आणि तिथे धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका खोलीत पाच जणांसह राहायचं होतं. यावर उतारा होता तो मोकळ्या हवेचा. हा विषाणू मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो हे पुढे सर्वमान्य झालं. तरी २०२० च्या मार्चमध्ये सर्वांत आधी ज्यांना कुलपं लागली त्यांत बागा आणि तळ्यांचे काठ होते, आणि मेमध्ये ते उघडले तेव्हा सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. सगळ्यांनी एकाच वेळी यावं अशीच ती व्यवस्था. पहिल्या महिन्यात ज्ञान अपुरं होतं, म्हणून तेव्हाच्या निर्णयाला दोष देणार नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, त्याला मात्र द्यायला हवा. हेब्बाळचं तळं तर २००६ मध्ये एका खासगी हॉटेल कंपनीला पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देण्यात आलं होतं आणि त्याविरुद्ध नागरिकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. तळ्याकाठची वाट ही शोभेची गोष्ट आहे की आरोग्याची, हा वाद कोविडच्या आधीपासूनचा आहे.

आणि या शहरानं त्याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये रेल्वेमार्गानं प्लेग बेंगळुरूत आला. दाटीच्या पेठांनी त्याची सर्वांत जास्त किंमत मोजली, आणि त्या धसक्यातून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या, रुंद रस्त्यांच्या, घरामागे सफाईची गल्ली ठेवलेल्या वस्त्यांना गती मिळाली. त्यांतही जातीपातीच्या रेषा आखलेल्या होत्या, त्यामुळे त्यांचे गोडवे गाण्याची गरज नाही; पण साथीवरचा उपाय नगररचनेत असतो, एवढं तेव्हाच्या म्हैसूर सरकारला कळलं होतं. महाराष्ट्रातही प्लेग आला की गाव उठून रानात झोपड्या घालून राही. त्याच सुमारास पुण्यात काय झालं हे मराठी वाचकाला सांगायला नको: लष्कराकरवी घरांची झडती, सामानाची जाळपोळ, बायकांची उघड्यावर तपासणी, आणि त्या संतापातून प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावरचा २२ जून १८९७ चा प्राणघातक हल्ला. लोक रोग लपवू लागले, प्रेतं गुपचूप पुरू लागले. प्लेगच्या जंतूपेक्षा प्लेग कमिटीचा धाक मोठा ठरला की आरोग्याची कुठलीच सूचना कानात शिरत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये, पुण्याजवळ मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच गेलेल्या सावित्रीबाई फुल्यांच्या सेवेत मात्र असा धाक नव्हता.

विलगीकरणाचा मनावर काय परिणाम होतो, यावरचा एक आढावा फेब्रुवारी २०२० मध्येच, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी लागायच्या महिनाभर आधी, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. सार्स, इबोला वगैरे साथींवरचे चोवीस अभ्यास तपासून लेखकांनी दाखवलं की माणसाला पोखरणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: लांबत जाणारी मुदत, अपुरं सामान, अपुरी माहिती, पैशाचं नुकसान आणि लोकांकडून होणारी हेटाळणी. यातली प्रत्येक गोष्ट प्रशासनाच्या हातातली होती. कर्नाटकानं काय केलं? ३० मार्च २०२० ला हुकूम निघाला की घरी विलगीकरणात असलेल्यांनी रात्री दहा ते सकाळी सात सोडून दर तासाला स्वतःचा फोटो सरकारी अॅपवर पाठवायचा. विलगीकरणातल्या लोकांचे पत्ते जाहीर झाले, हातावर शिक्के बसले, दारांवर फलक लागले. जुलैमध्ये दोमलूर भागात महापालिकेच्या माणसांनी दोन फ्लॅटची दारं पत्रे ठोकून बंद केली; बोभाटा झाल्यावर ते काढून आयुक्तांनी माफी मागितली. महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक पदर आला. १८ मे २०२० ला महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना राज्याची दारं बंद झाली, पुढे उघडली तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्याला सात दिवस संस्थात्मक विलगीकरण, आणि २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर चाचणीचा दाखला. साथ पसरलेल्या राज्यातून येणाऱ्यांवर नजर ठेवणं चूक नव्हतं. पण आई-वडील पुण्याला किंवा कोल्हापुरात आणि मुलगा-सून हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये, अशा घरांना त्रास झाला तो नियम कडक असल्याचा कमी आणि तो उद्या काय असेल हे न कळण्याचा जास्त. हेब्बाळच्याच पशुवैद्यकीय आवारात जनावरांच्या लसी तयार करणारी जुनी संस्था आहे. साथीचं जनावर वेगळं बांधावं हे तिथला कुणीही सांगेल, आणि वेगळं बांधलेल्या जनावरापुढे वैरण-पाणी आधी टाकावं हेही. माणसांच्या बाबतीत दुसरा भाग स्वयंसेवी संस्थांवर आणि गुरुद्वारांवर सोडला गेला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. साथीनं मानसिक आरोग्य कोसळलं ही अतिशयोक्ती आहे, माणसं चिवट असतात, असं म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. २०२१ मध्ये लॅन्सेटनं अंदाज दिला होता की २०२० या एका वर्षात जगात नैराश्याचे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे ७.६ कोटी जादा रुग्ण निर्माण झाले. तो अंदाज गणिती प्रारूपावर बेतलेला होता आणि गरीब देशांची आकडेवारी त्यात विरळ होती. मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं साथीआधी आणि साथीत त्याच लोकसमूहांची पाहणी करणारे अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी बदल शून्याच्या जवळपास निघाला. स्त्रियांची स्थिती मात्र थोडी ढासळलेली दिसली. एकवीस देशांच्या २०२० च्या पहिल्या काही महिन्यांच्या अभ्यासात आत्महत्याही सर्वसाधारणपणे वाढलेल्या दिसल्या नाहीत. हे निष्कर्ष मी नाकारत नाही, उलट माझ्या म्हणण्याला ते बळच देतात. कारण हे अभ्यास मुख्यतः सधन देशांतले आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच देशांनी त्या काळात पगाराचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून दिला, घरभाड्याच्या वसुलीला स्थगिती दिली. चिवटपणा माणसांत असतोच. तो टिकायला महिनाअखेरीला काही हाती पडावं लागतं.

आपल्याकडचे आकडे याशेजारी ठेवून पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतला रोजंदारीवर जगणाऱ्यांचा आकडा २०२० मधल्या ३७,६६६ वरून २०२१ मध्ये ४२,००४ वर गेला, म्हणजे दर चारांतला एक. ही वाढ साथीआधीच सुरू झालेली होती, आणि पोलिसांच्या नोंदीवर किती विसंबावं हा वेगळा प्रश्न आहे. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि ती कमाईच्या आकड्यांशी जुळते. बेंगळुरूच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालानुसार साथीच्या पहिल्या वर्षात आणखी २३ कोटी लोक राष्ट्रीय किमान वेतनाच्या रेषेखाली गेले. काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७ टक्क्यांचं काम गेलं ते वर्षअखेरपर्यंत परत मिळालं नाही; स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के होतं. ‘आयांनी स्वतःसाठी रोज वीस मिनिटं काढावीत’ असं सांगणाऱ्या पुरवण्या याच वर्षात छापल्या जात होत्या. आणि मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात, बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर, मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या नकोत असं कर्नाटक सरकारनं रेल्वेला कळवलं. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत निर्णय फिरला. तोवर माणसं सामान डोक्यावर घेऊन याच बळ्ळारी रोडसारख्या महामार्गांवर निघाली होती. मजुराला घरची ओढ लागते त्याला मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणायची आपली पद्धत नाही, पण संकटात आपल्या माणसांत जाऊन राहावंसं वाटणं याहून निरोगी प्रतिक्रिया कुठली असू शकते?

मनावरच्या उपचारांच्या बाबतीत बेंगळुरू सुदैवी म्हणायचं. निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था इथे आहे, आणि मार्च २०२० मध्येच त्या संस्थेनं अनेक भाषांत बोलणारी देशव्यापी दूरध्वनी सेवा सुरू केली. पुढे १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेची, १४४१६ या क्रमांकाची, मध्यवर्ती संस्थाही तीच. फोनवरच्या समुपदेशनाला हिणवणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. रात्री दोनला छातीत धडधडणाऱ्या माणसाला ‘हा धसका आहे, हृदयविकार नाही, तरी सकाळी तपासून घ्या’ असं त्याच्या भाषेत कोणी सांगणं, हा उपचारच आहे. पण निम्हान्सचाच २०१५-१६ चा राष्ट्रीय सर्वेक्षण अहवाल सांगतो की मनोविकार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत, विकारानुसार, उपचार पोहोचतच नाहीत, आणि ही दरी फोननं भरत नाही. याच संस्थेनं १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात दाखवून दिलं होतं की प्राथमिक आरोग्य केंद्रातले साधे डॉक्टर आणि कर्मचारी थोड्या प्रशिक्षणानं मनाचे बरेचसे आजार हाताळू शकतात. देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावर उभा राहिला. साथीत हे काम ज्या आशाताई करू शकल्या असत्या त्यांना आपण कसं वागवलं? जुलै २०२० मध्ये कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशा कार्यकर्त्यांनी १२ हजार रुपये मानधनासाठी आणि पुरेशा संरक्षक साहित्यासाठी काम थांबवलं. पुढच्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांवर तीच वेळ आली. घरोघर धीर द्यायला जाणारीलाच महिनाअखेरीचा धीर नव्हता.

‘व्यवस्था सुधारेपर्यंत माणसानं काय हातावर हात ठेवून बसायचं?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. झोपेची वेळ पाळावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मोकळ्या हवेत चालावं, लस घ्यावी, बातम्या दिवसातून एकदा विश्वासू ठिकाणाहून घ्याव्यात, आणि साथीच्या भीतीनं चालू उपचार सोडू नयेत. शेवटची गोष्ट सर्वांत कमी सांगितली गेली. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. क्षय काही कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. माणसांशी संपर्क ठेवण्याबद्दलही पुरावा भक्कम आहे, फक्त तो रोजच्या शुभप्रभाती संदेशांचा नाही. कोहेन यांच्या १९९७ च्या प्रयोगात कमी आजारी पडले ते वेगवेगळ्या प्रकारची नाती जपणारे: घरचे, शेजारचे, कामावरचे, एखाद्या मंडळातले. बेंगळुरूतल्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांकडे गणपती-दिवाळीपुरतं पाहणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. परगावी राहणाऱ्याला घरच्यांखेरीज दुसरं नातं तिथेच मिळतं.

राहतो तो खर्चाचा आक्षेप: मजुरीची हमी, धान्य, मोकळ्या जागा, आशांना पगार, हे सगळं परवडणार का? यातल्या बऱ्याच गोष्टींची यंत्रणा आपल्याकडे आधीच आहे. माणशी पाच किलो मोफत धान्य २०२० मध्ये काही आठवड्यांत सुरू करता आलं, ते रेशनची दुकानं जागेवर होती म्हणून. चुकलं ते रेशनकार्ड गावी राहिलेल्या मजुराच्या बाबतीत. आणि साथ येते आहे हे आधी कळण्याची सोयही आता आहे. जीकेव्हीके आवारातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी ते जून २०२२ या काळात शहराच्या २८ सांडपाणी प्रक्रिया केंद्रांमधले नमुने तपासून, सुमारे १ कोटी १० लाख लोकवस्तीतला विषाणूचा चढउतार आणि त्याचे बदलते प्रकार टिपले. सांडपाण्याला कोण चाचणी करून घेतो आणि कोण नाही याच्याशी देणंघेणं नसतं. सोसायटी आणि पत्र्याची शेड त्यात सारखीच बोलतात. अशा इशाऱ्याला आज जोडलेली असते ती फार तर रुग्णालयाच्या खाटांची तयारी. त्याच इशाऱ्याला परगावच्या मजुराचं धान्य, बुडालेल्या रोजाची भरपाई, दिवसभर उघडी राहणारी तळ्याकाठची वाट आणि आशांचं आगाऊ मानधन या चार गोष्टी आदेशानं जोडून ठेवायला पुढच्या साथीची वाट पाहण्याचं कारण नाही. आणि त्यातल्या पहिल्या दोन तर राज्य सरकारनं आणि बांधकाम परवाने देणाऱ्या महापालिकांनी मिळून ठरवण्याजोग्या आहेत, कारण कुठल्या इमारतीवर किती माणसं राबतात याची नोंद परवान्याच्या वेळी मागता येते.